जुन्या इंजिनाची पारख

1 जूनपासून 31 जुलैपर्यंत समुद्रातील यांत्रिक मासेमारीस बंदी असल्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस मालवणच्या दांडी किनाऱ्यावर होड्या वर ओढून शाकारण्याची लगबग सुरू होते, आणि ज्याला जुनी होडी विकावयाची असते तो मालक पावसाळाभर ती सांभाळण्याचा खर्च टाळण्यासाठी याच दिवसांत गिऱ्हाइकाच्या शोधात असतो. माझ्या भाच्याने अशीच एक फायबरची होडी, तिच्यावरील 25 अश्वशक्तीच्या, दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोक इंजिनासह, हेरून ठेवली होती. होडीचा घाट आणि रंग पाहून तो हरखून गेला होता. परंतु भर समुद्रात वारा फिरला असता माणसाला किनाऱ्यास आणते ते इंजिनच, हे जाणून मी एका वृद्ध मेस्त्रींना बरोबर घेतले आणि त्यांचा अभिप्राय मिळेपर्यंत बयाणा द्यावयाचा नाही असे भाच्यास बजावले.

मेस्त्रींनी होडीकडे पाहण्यापूर्वी मला सांगितले, "भाऊनू, आदी इंजिनाक हात लावन बघा, गरम आसला तर सौदो उद्या." गिऱ्हाईक येण्यापूर्वी तापवून ठेवलेले इंजिन पहिल्याच ओढीला सुरू होते आणि थंड असताना ते किती छळते हे झाकले जाते, असा त्यांचा अनुभव होता. इंजिन थंड होते. वरचे टोपण काढल्यावर त्यांनी रंगाचा ताजेपणा पाहिला, बोल्टांच्या कडेने अॅल्युमिनियम फुटून आलेली पांढरी भुकटी नखाने खरवडली, आणि खाऱ्या पाण्याचा मारा स्वतःवर घेऊन इतर धातूस वाचविणारी जस्ताची वडी कितपत झिजली आहे तेही तपासले.

त्यानंतर दोन्ही प्लग काढून, ठिणगीचा प्रवाह बंद करून आणि थ्रॉटल पूर्ण उघडून त्यांनी प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला. एकात काटा 115 पौंडांवर व दुसऱ्यात 110 पौंडांवर स्थिरावला. या दोन आकड्यांतील तफावत दहा टक्क्यांच्या आत असली म्हणजे पिस्टन व त्याच्या कड्या सारख्याच झिजल्या आहेत असे समजावे. एक सिलिंडर फारच मागे पडत असेल तर त्या इंजिनाची बाह्य कांती कितीही मोहक असो, त्याच्या आतल्या दुरुस्तीचा खर्च खरेदीदाराच्याच माथी येतो.

खरी हकीकत मात्र खालच्या गिअरच्या डब्यात दडली होती. तळाचा स्क्रू सैल करताच जे तेल ओघळले ते दुधाळ होते, म्हणजे त्यात पाणी शिरले होते. मेस्त्रींनी पंखा उतरविला, आणि त्यामागे दांड्याभोवती तंगुसाचे घट्ट वेटोळे बसलेले आम्हांस दिसले. जाळ्यातून तुटलेल्या त्या बारीक धाग्याने रबरी सील कापली होती. स्क्रूच्या लोहचुंबकी टोकास मात्र पोलादाचे कण चिकटलेले नव्हते आणि दांडा फिरविला असता डगमगत नव्हता, यावरून दाते शाबूत असावेत असा निर्वाळा त्यांनी दिला.

पंखा पुन्हा चढवून आणि डब्यात नवे तेल भरून होडी पाण्यात लोटली. पिंपात बुडवून चालविलेल्या इंजिनावर भार पडत नसल्यामुळे त्याची खरी ताकद तेथे कळत नाही. ती लाटांवर, माणसे बसवूनच पाहावी लागते. इंजिन सुरू होताच मागील छिद्रातून पाण्याची धार अखंड पडू लागली, याचा अर्थ इंपेलर शाबूत होता आणि थंडाव्याच्या वाटा मिठाने बुजलेल्या नव्हत्या. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने इंजिन धुण्याची आपली शिस्त असल्याचे मालकाने सांगितले होते, आणि ती धार त्याच्या शब्दास दुजोरा देत होती. सिंधुदुर्गाच्या तटाजवळून पूर्ण वेगाने, मग उलट्या गिअरमध्ये, आणि शेवटी तापलेले इंजिन बंद करून पुन्हा सुरू करून पाहिल्यावर आमची खातरजमा झाली.

किनाऱ्यावर परतल्यानंतर इंजिन ज्या फळीवर बसते तिच्यावर लाकडी मुठीने ठोकून आतील प्लाय कुजलेले नाही ना हे पाहिले, इंजिनावरील क्रमांक खरेदीच्या पावतीशी ताडला आणि होडीचा नोंदणीचा दाखला तपासला. सील बदलण्याचा व गिअरचा डबा उघडून पाहण्याचा खर्च मालकाने कोणतीही घासाघीस न करता किमतीतून वजा केला, आणि बंदीचे दोन महिने दुरुस्तीस हाताशी असल्यामुळे भाच्याने सौदा पुरा केला.

माझे मत या अनुभवाने निश्चित झाले आहे: जुन्या इंजिनाचे मोल त्याच्या वयावर नव्हे, त्याच्या निगेवर ठरते, आणि त्या निगेचा पुरावा रंग पोहोचत नाही अशा जागी सापडतो. म्हणून होडी घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक तरुणास माझे सांगणे आहे की, जो मालक थंड इंजिन दाखविण्यास, प्लग व तेल उघडू देण्यास आणि पाण्यात चालवून पाहू देण्यास राजी नसेल, त्याच्या हाती एक रुपयाही न ठेवता परत फिरावे.