चौकातलं ऊन

वाईच्या आमच्या वाड्यात चौक कुणा एकाचा नव्हता. सकाळी काकू तुळशीला पाणी घालायची, ऊन वर आलं की आजी तिथेच कुरडया वाळत घालायची, दुपारनंतर आम्हा पोरांचं राज्य. चौक सोप्यांपेक्षा दोन पायऱ्या खाली होता. श्रावणात चारी पन्हळींचं पाणी त्यात कोसळायचं आणि कोपऱ्यातल्या मोरीतून वाहून जायचं. घरात अबोला चालायचा तेव्हासुद्धा दोन्ही जावा समोरासमोरच्या सोप्यांत तांदूळ निवडत बसायच्या. बोलणं नसलं तरी एकमेकींचं असणं चुकायचं नाही. एकत्र कुटुंब टिकवण्यात शिस्तीइतकाच त्या चौकाचा हात होता, असं मी आजही मानतो.

पण वाड्याला दोन चौक होते. माझ्या आईचं तरुणपण मागच्या चौकात गेलं: आड, न्हाणीघर, चुली, भांड्यांचे ढीग. पुढच्या चौकात पाहुणे आणि पुरुष. वास्तुकला शिकताना मेणवलीचा नाना फडणीसांचा वाडा बघायला गेलो, तेव्हा हीच रीत मोठ्या प्रमाणात दिसली. तिथे सहा चौक आहेत. एकेका चौकातून आत जावं तसं घर खासगी होत जातं, आणि सर्वांत जास्त कष्ट सर्वांत आत असतात. वाड्यांवर जीव असणाऱ्याने हेही बघायला हवं.

पुढे वाडे गेलेच. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकांना डागडुजी परवडेना. पुण्यात १९६१च्या पानशेतच्या पुरात नदीकाठचे कितीतरी वाडे कोसळले. आम्हीही फ्लॅटमध्ये आलो. तिथे आईच्या वाट्याला ऊन आलं ते गॅलरीत, तेही कपड्यांच्या दोरीखाली.

धाकट्या भावाने साताऱ्यात चार पिढ्यांसाठी घर बांधायचं ठरवलं, तेव्हा मी चौकापासूनच सुरुवात केली. साताऱ्यात मे महिन्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो, डिसेंबरात मात्र भर दुपारीही दक्षिणेला साधारण ४९ अंशांपर्यंतच चढतो. म्हणून दक्षिणेची बाजू एकमजली, छपराची कड दहा फुटांवर. तिची सावली पावणेनऊ फुटांत संपते. चौक दक्षिणोत्तर सोळा फूट. त्यामुळे थंडीतलं ऊन उत्तरेच्या सोप्यात चांगलं आत शिरतं. तिथे आईची खोली. चौकाला पायरी नाही, नुसता उतार, कारण तिचे गुडघे आता पायरी मानत नाहीत. पावसाचं पाणी खालच्या टाकीत जातं.

स्वयंपाकघर मी पुढे आणलं, थेट चौकावर उघडणारं. मागचा चौक ठेवलाच नाही. पुतण्या आणि सुनेच्या वरच्या खोल्यांना मात्र बाहेरून वेगळा जिना दिला. भाऊ थोडा नाराज झाला. घरातलंच माणूस परक्यासारखं बाहेरून का जाईल, असं त्याचं म्हणणं. पण आमच्या वाड्यात सुनेचं येणं-जाणं, उशीर, रडवेला चेहरा, सगळं चौकातून सगळ्यांना दिसायचं. ज्याला हवं तेव्हा न दिसता जाता येतं, तोच आपणहून चौकात येऊन बसतो. सून आता लॅपटॉप घेऊन रोज संध्याकाळी खाली येते.

चौकावर काचेचं छप्पर टाकण्याचा आग्रह मी मानला नाही. घरातली गरम हवा वर निघून जायला तीच वाट आहे. ती बंद केली की मे महिन्यात चौकाची भट्टी होते.

घर बांधायला काढलंत तर आराखडा होण्याआधी घरातल्या सर्वांत वृद्ध बाईला आणि सर्वांत नव्या सुनेला वेगवेगळं बसवून विचारा, दिवसातला कुठला वेळ कुठे घालवावासा वाटतो. जागा कमी पडली तर दिवाणखाना लहान करा. चौक सोडू नका.