किंग रँच : टेक्सासातील वशिंड

आजच्या थ्रेडचा विषय दूरचा आहे : दक्षिण टेक्सासातील किंग रँच. तो आमच्या गोठ्यापर्यंत कसा येतो, ते ओघात कळेलच.

१८५३ साली रिचर्ड किंग या आगबोटीच्या कप्तानाने सांता गर्ट्रुडिस ओढ्याकाठची सुमारे १५,५०० एकर जमीन मेक्सिकन वारसदारांकडून ३०० डॉलरना घेतली. एकरी दोन सेंटही पडले नाहीत! १८४८च्या तहाने हा मुलूख नुकताच निर्विवादपणे अमेरिकेकडे आला होता, आणि जुन्या सनदांचे धनी आपला हक्क सिद्ध करता करता जेरीस येत होते. स्वस्ताईचा उलगडा बराचसा येथेच होतो. आज रँच सुमारे सव्वाआठ लाख एकर आहे. गोव्याहून किंचित लहान.

मला अधिक अस्वस्थ करते ती १८५४ची हकिगत. मेक्सिकोतील क्रुइलास हे गाव दुष्काळाने होरपळले होते. किंगने गावची सारी गुरे विकत घेतली. मग गावाकडे जगण्याचे साधनच उरले नाही, तेव्हा त्याने माणसांनाही रँचवर काम आणि निवारा देऊ केला. गावच्या गाव निघाले. त्यांचे वंशज ‘किनेन्योस’, म्हणजे किंगची माणसे, पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राबले. घोड्यावरून गुरे राखण्याची विद्या त्यांचीच होती. ही गोष्ट बहुधा मालकाच्या औदार्याची म्हणून सांगितली जाते. मला ते पटत नाही. १९७२च्या दुष्काळात माझ्या आजोबांनी मिरजेच्या बाजारात बैलजोडी विकली होती. भाव कोण ठरवतो, हे आमच्या घरात ठाऊक आहे.

१८८५ साली किंग वारला. कर्जासह सारा पसारा पत्नी हेन्रिएटा हिने जावई रॉबर्ट क्लेबर्ग याच्या मदतीने पुढे चाळीस वर्षे सांभाळला. (रँचच्या इतिहासात तिला याहून मोठी जागा मिळायला हवी.) अडचण होती ती उन्हाची आणि गोचिडांची. इंग्लंडकडची शॉर्टहॉर्न गुरे तेथे तग धरीनात. म्हणून त्यांचा संकर वशिंडाच्या ब्राह्मन गुरांशी केला गेला. १९२० साली जन्मलेला ‘मंकी’ नावाचा वळू या नव्या वंशाचा मूळपुरुष ठरला. १९४० साली ‘सांता गर्ट्रुडिस’ या जातीला अधिकृत मान्यता मिळाली.

आता ही ब्राह्मन गुरे कोठली? गीर, कांकरेज, ओंगोल आणि चौथी आपली कृष्णाकाठची. काळ्या चिकण रानात औत ओढण्यासाठी जोपासलेली ही जात आज तिच्याच मुलखात दुर्मीळ झाली आहे.

हे आजोबांना सांगितले. त्यांनी विचारले, “तिकडं औताला कशी चालत्यात?”

तिकडे औताला जुंपत नाहीत, म्हटले. मग कशासाठी पाळतात, हे त्यांनी विचारले नाही.