वार पडली का?

बाळ रडलं की खोलीतले सगळे चेहरे तिकडे वळतात. सिस्टर मात्र वार पडायची वाट बघत थांबलेली असते. ती पडली की ट्रेमध्ये पसरून नीट तपासायची. बाळाकडची बाजू गुळगुळीत, करडी-निळसर, नाळ जोडलेली. आईकडची गडद लाल, १५-२० खंडांची. सिस्टर एकेक खंड बोटांनी जुळवून बघते, कारण तुकडा आत राहिला तर आईला जोराचा रक्तस्राव होऊ शकतो. जाडजूड भाकरीसारखं हे अर्ध्या किलोचं इंद्रिय; कौतुक कुणालाच नाही.

आईचं रक्तच बाळाच्या अंगात फिरतं, असं आपण बिनदिक्कत म्हणतो. ते खरं नाही. दोघांचं रक्ताभिसरण वेगळं असतं, हे विल्यम आणि जॉन हंटर या भावांनी १८व्या शतकात लंडनमध्ये दाखवलं. (श्रेयावरून पुढे दोघांचं बिनसलं, ते निराळं.)

वारेतले असंख्य बारीक अंकुर आईच्या रक्तात बुडालेले असतात. बाळाच्या रक्तवाहिन्या त्यांच्या आत. मधल्या पातळ पडद्यातून प्राणवायू आपसूक पलीकडे जातो. साखरेला वाहक प्रथिनं लागतात. अमिनो आम्लं तर वार ऊर्जा खर्चून ओढून घेते, म्हणून ती आईपेक्षा बाळाच्या रक्तात जास्त सापडतात. आईचं इन्सुलिन मात्र जवळजवळ अडतं. मधुमेह आटोक्यात नसलेल्या आईची जादा साखर बाळाकडे पोचते, ते स्वतःचं इन्सुलिन वाढवतं आणि प्रमाणाबाहेर बाळसं धरतं. शेवटच्या महिन्यांत आईची प्रतिपिंडंही भरभरून येतात.

पण वार राखणदार म्हणून फार भरवशाची नाही. दारू आणि निकोटिन तिच्यातून सहज पार होतात.

आणि आईच्या ताटात जे पडलंच नाही, ते ती आणणार कुठून? पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आहार तपासला. बाळांचं सरासरी वजन पावणेतीन किलोच्याही आत होतं. ज्या आया पालेभाज्या, फळं आणि दूध वरचेवर घेत, त्यांची बाळं मात्र जन्मतः मोठी होती.

तेव्हा घरात सुनेला दिवस गेले असतील, तर डोहाळजेवणाची वाट बघू नका. मेथीची जुडी आजच आणा, आणि तिला पहिल्या पंगतीला बसवा.