वीतभर उंचीवरचा डोळा

वाशीमहून सकाळची एस.टी. धरलीत आणि खिडकीजवळची जागा मिळाली, तर मंगरुळपीरपर्यंत पावसाळ्यात सोयाबीन आणि तूर यांखेरीज फारसे काही दिसणार नाही. पुढे शेलूबाजारला उतरा आणि जुन्या नागपूर रस्त्याने कारंज्याकडे निघा. मधूनच काळसर हिरवे चौकोन दिसू लागतील. ते संत्र्याचे बगीचे. याच अंगाने समृद्धी महामार्ग गेला आहे. डिसेंबर २०२२ पासून त्यावरून मोटारी सुसाट धावतात, पण बगीचा पाहायचा तर बांधावर उतरून पायीच गेले पाहिजे.

जिल्हा म्हणून वाशीमचे वय लहान. १ जुलै १९९८ ला तो अकोल्यापासून वेगळा झाला. वऱ्हाड-नागपुरातला संत्रा मात्र जुना. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांनी औरंगाबादेकडून त्याची रोपे आणली, असे सांगतात. पुढे वरुड, मोर्शी, शेंदुरजनाघाट या भागात त्याने असे मूळ धरले की आज विदर्भात कुणालाही कलमा हव्या असल्या तर पहिले नाव तिकडचेच निघते.

आता कुणी म्हणेल, कलमच कशाला हवे? बी टाकले तरी संत्राच येतो की! यात तथ्य आहे. आंब्याची कोय लावली तर कोणता आंबा निघेल याचा भरवसा नसतो. संत्र्याचे तसे नाही. त्याच्या एका बियातून दोन-तीन अंकुर फुटतात आणि त्यातले बहुतेक आईच्याच गुणाचे असतात. पण बियाचे झाड सात-आठ वर्षे वाट पाहायला लावते, उंच वाढते आणि अंगभर काटे घेऊन उभे राहते. डोळा भरलेले झाड चौथ्या-पाचव्या वर्षी फळ दाखवते, आटोपशीर राहते आणि काटेही कमी. शिवाय मुळे आपल्या जमिनीला मानवतील अशा खुंटाची घेता येतात. हा सगळ्यात मोठा लाभ, आणि तोच पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

काश्मिरात अक्रोडाची अशीच कथा आहे. बियाचा अक्रोड फळावर यायला दहा-बारा वर्षे सहज घेतो आणि इतका उंच जातो की काठीने फळे झोडपताना माणसे खाली पडून दगावतात. तिथेही आता शेतकऱ्यांना कलमी, ठेंगणी झाडे लावायला सांगतात. असो, आपण आपल्या संत्र्याकडे येऊ.

खुंट म्हणजे खालचे झाड. ते जंभेरीचे असते, नाहीतर रंगपूर लिंबाचे. बी टाकून पन्हेरी करतात, तीत वेडीवाकडी, खुरटी निघालेली रोपे उपटून फेकतात. खोड पेन्सिलीएवढे झाले की थंडीच्या दिवसांत सालीला टी-आकाराचा छेद देऊन त्यात चांगल्या झाडाचा डोळा बसवतात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधतात. डोळा फुटला की वरचा खुंट छाटायचा. झाले कलम. काम पाच मिनिटांचे, पण ते कुठे केले यावर पुढची वीस-पंचवीस वर्षे टांगलेली असतात.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. आमच्या वडिलांनी एका एकरात वीस बाय वीस फुटांवर एकशे दहा कलमा लावल्या. गावात गाडी घेऊन आलेल्या एका विक्रेत्याकडून घेतल्या, स्वस्त मिळाल्या म्हणून. डोळा जमिनीपासून जेमतेम चार बोटांवर भरलेला होता. त्यातून लावताना खड्डा खोल झाला आणि जोड मातीत गेला. जमीन काळी, पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारी. तिसऱ्या वर्षी खोडावर डिंकाचे थेंब दिसू लागले. डिंक्या रोग. त्याची बुरशी ओल्या मातीतच राहते. जंभेरीचेही मूळ तिला बळी पडते, पण डोळ्यावरचा संत्र्याचा भाग मातीला टेकला की ती आणखी लवकर चढते.

काही झाडे मात्र झपाट्याने वाढत होती. वडील खूश. एक दिवस निंदता निंदता आईने एक पान चुरगाळून नाकाशी धरले आणि म्हणाली, "अहो, हे पान काही संत्र्याचं नाही." वरचा डोळा मेला होता आणि खालून जंभेरीची फांदी फुटून झाड झाले होते. तीन वर्षे आम्ही तिला शेणखत घातले, उन्हाळ्यात डोक्यावरून घागरी आणून पाणी पाजले. सहाव्या वर्षी एकशे दहापैकी चाळीस झाडे उरली.

म्हणून कलम घेताना आपली वीत बरोबर ठेवा. डोळा जमिनीपासून वीतभर, म्हणजे नऊ इंच उंच असावा. लावताना जोड मातीच्या वर राहिलाच पाहिजे. खुंट कोणता हे विचारा. पाणी कमी असेल आणि डिंक्याची भीती असेल, तर रंगपूर लिंबू जंभेरीपेक्षा बरा टिकतो. कृषी विद्यापीठाच्या किंवा सरकारमान्य रोपवाटिकेची पावती घ्या आणि जपून ठेवा. आळे दुहेरी करा, पाणी खोडाला लागू देऊ नका. पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला बोर्डो मलम लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. जोडाखाली फूट दिसली की कोवळी असतानाच हाताने मोडायची. हे काम घरातल्या बायकांच्या नजरेतून सुटत नाही, असा माझा अनुभव आहे.

जमिनीत चुनखडी फार असेल किंवा पाणी साचत असेल, तर मात्र संत्र्याच्या नादी लागू नका. कलम कितीही चांगले असले तरी तिथे पान पिवळे पडते. माती आधी तपासून घ्या. वडिलांनी ते केले नव्हते.

परवा कारंज्याच्या स्टँडवर एक जोडपे कलमांची पोती घेऊन गाडीची वाट पाहत बसले होते. बरोबर सासूबाई होत्या. म्हातारीने पोत्याचे तोंड सोडले, एकेक कलम बाहेर काढून जमिनीवर उभे धरले आणि शेजारी वीत टेकवली. पाच-सहा बाजूला ठेवली. मुलगा चिडला, "आई, गाडी येईल ना!" म्हातारीने वर न पाहताच पुढचे कलम उचलले.