आजोबांचं खेचर

आमच्या हाउसच्या वाचनालयात पुस्तकांची दोन कपाटं आहेत. एकात सेनापतींची चरित्रं, लढायांचे इतिहास आणि एसएसबीच्या तयारीची पुस्तकं. दुसऱ्यात गोष्टीची पुस्तकं. मुलाखतीत ‘सध्या काय वाचतोस?’ असं विचारलं तर कोणत्या कपाटातलं नाव सांगायचं, हे आम्हाला सहावीपासून पाठ असतं. मी मात्र सहा वर्षं दुसऱ्या कपाटापाशीच जास्त रेंगाळलो. त्यातही दोन प्रकार माझे लाडके: हसवणाऱ्या रहस्यकथा आणि घरच्या माणसांच्या आठवणी.

सुरुवात फास्टर फेणेपासून झाली. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा किडकिडीत बनेश फेणे आईने माझ्या ट्रंकेत स्वेटरच्या घडीत ठेवला होता. डॉर्ममध्ये मराठी बोलणारा मी एकटा. लाइट्स आउटनंतर उशीत तोंड खुपसून रडायचो. सायकलवर टांग मारून नको तिथे नाक खुपसणारा हा मुलगा तेव्हा मला रोज थोडं हसवायचा आणि दुसऱ्या दिवशीच्या पीटीपर्यंत पोहोचवायचा.

आठवीत शेजारच्या खाटेवरच्या बंगाली मित्राने फेलूदा दिला. सत्यजित राय यांनी १९६५ मध्ये ‘संदेश’ मासिकात हा डिटेक्टिव्ह आणला. फेलूदा हुशार आहेच, पण माझा जीव जडला तो जटायूवर. थरारक कादंबऱ्या लिहिणारे हे लालमोहनबाबू स्वतः मात्र साधेभोळे. पुस्तकांत बिनधास्त चुका करायच्या आणि फेलूदाने त्या दुरुस्त करायच्या. गोष्ट सांगतो तो फेलूदाचा चुलतभाऊ तोपशे. फेलूदाला दिसतं ते सगळं त्यालाही दिसतं, फक्त अर्थ लागत नाही. दिवसभर शिट्ट्या, फॉल-इन आणि पनिशमेंट झाल्यावर असं पुस्तक फार बरं वाटतं. त्यात कोडं सुटतं, आणि ते आरडाओरडा न करता सुटतं.

दहावीच्या सुट्टीत आजीच्या कपाटात ‘स्मृतिचित्रे’ सापडलं. लक्ष्मीबाई टिळकांच्या या आठवणींचा पहिला भाग १९३४ मध्ये आला. सोवळ्याच्या अतिरेकाने घरादाराला जेरीस आणणारे वडील, न सांगता घर सोडून जाणारे कवी नवरा, पैशांची कायमची ओढाताण. आणि तरी पानापानावर हसू येतं. सगळ्यात जास्त त्या स्वतःलाच हसतात. इतकं सोसलेली बाई इतकं कशी हसवते, हे मला कळेना. उत्तर घरातच होतं, पण मला ते दिसलं नाही.

माझे आजोबा लष्करात हवालदार होते, खेचरांच्या तुकडीत. जिथे गाडी जात नाही तिथे डोंगरावरच्या चौक्यांना शिधा, रॉकेल, दारूगोळा खेचरांवरून पोहोचवायचा. सातवीत एका सीनियरने विचारलं, ‘तुझे आजोबा कशात होते?’ मी छातीठोकपणे सांगितलं, ‘इन्फंट्रीत.’ खेचरं म्हटलं असतं तर सगळी डॉर्म हसली असती. हे खोटं मी चार वर्षं सांभाळलं.

आजोबा लढाईबद्दल कधी बोलले नाहीत. एकच गोष्ट सांगायचे, पण शंभरदा. बर्फातल्या पायवाटेवर एक खेचर बसलं. ओझं उतरवलं, ओढलं, ढकललं, साहेबांनी तीन भाषांत शिव्या घातल्या. खेचर ढिम्म. शेवटी आजोबांचा सातारकडचा जोडीदार त्याच्या कानाशी बसला आणि जत्रेत ऐकलेली लावणी भसाड्या आवाजात म्हणू लागला. दुसऱ्या कडव्याला खेचर ताडकन उठलं. ‘ह्याचं गाणं ऐकण्यापेक्षा चाललेलं बरं, असं वाटलं असणार त्याला,’ असं म्हणून आजोबा स्वतःच खो-खो हसायचे. मग चष्मा काढून पुसायचे. मी विचारायचो, ‘मग पुढे काय झालं?’ ते म्हणायचे, ‘पुढे काय? चाललो.’

गेल्या वर्षी आजोबा गेले. तेराव्याला साताऱ्याहून एक वृद्ध गृहस्थ एसटीने आले. आजोबांच्याच तुकडीतले. मी त्यांना चहा दिला आणि, काहीतरी बोलायचं म्हणून, खेचराची गोष्ट काढली. ते हसले. मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, ‘दुसऱ्याच दिवशी कडा कोसळला, बाळ. तो गाणारा गडी आणि ते खेचर दोघंही खाली गेले. तुझे आजोबा दोन दिवस बर्फ उकरत होते.’

आजीलाही हे ठाऊक नव्हतं.

मी तोपशे होतो. सगळे धागे माझ्यासमोर होते: एकच गोष्ट, दर वेळी तीच जागा, आणि तो चष्मा. आजोबा गोष्ट अर्धवट सोडत नव्हते. जोडीदार हसतोय, गातोय, जिवंत आहे, अशा जागी ते ती थांबवत होते.

मग आणखी एक गोष्ट आठवली, त्या बंगाली मित्रानेच सांगितलेली. सत्यजित राय यांचे वडील सुकुमार राय यांचं मुलांना पोट धरून हसवणारं पुस्तक ‘आबोल ताबोल’ १९२३ मध्ये आलं, ते गेल्यानंतर थोड्याच दिवसांत. त्यातलं काम त्यांनी आजारपणात, अंथरुणावरून पुरं केलं होतं. सत्यजित तेव्हा दोन वर्षांचे. हे कळल्यापासून कोणी एखाद्या पुस्तकाला ‘हलकंफुलकं’ म्हणून बाजूला सारलं, की मी ते आधी उचलतो. हलकं म्हणजे रिकामं नव्हे. जड ओझं हसत वाहून नेलं की बघणाऱ्याला ते हलकं दिसतं.

सुट्टीनंतर परत आलो त्या रात्री डॉर्ममध्ये खरं सांगून टाकलं: आजोबा इन्फंट्रीत नव्हते, खेचरांच्या तुकडीत होते. दोघेतिघे हसलेच. मग मी खेचराची गोष्ट सांगितली आणि सगळे हसले, पण ते हसणं वेगळं होतं. सहावीतल्या एका नव्या पोराने विचारलं, ‘फिर क्या हुआ, भैया?’

मी म्हटलं, ‘फिर क्या? चल पडे.’

पुढचं त्या रात्री सांगितलं नाही. ते इथे लिहिलं आहे. अंक हातात आला की एक प्रत साताऱ्याला पाठवणार आहे.