वर्तुळातली खुर्ची

डच घरात वाढदिवसाला खुर्च्या गोलाकार मांडतात. आलेला पाहुणा ज्याचा वाढदिवस त्याचे अभिनंदन करतोच, शिवाय आधीपासून बसलेल्या प्रत्येकाशी हस्तांदोलन करून त्याचेही करतो: नातवाबद्दल आजीचे, भावाबद्दल बहिणीचे. मग कॉफी येते, केकचा तुकडा येतो आणि बोलणे सुरू होते. वर्तुळाला कोपरा नसल्यामुळे गप्प बसू इच्छिणाऱ्याची सोय होत नाही. छतावरच्या सौरपट्ट्या, शेजारच्या गावात येऊ घातलेली पवनचक्की, मुलाने गेममध्ये उडवलेले पैसे, डिसेंबरच्या सणातली सोंगे, असे विषय एकामागून एक फिरतात. कुणाचेच मत बदलत नाही आणि कुणी उठूनही जात नाही, कारण पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणाचा तरी वाढदिवस असतो.

अशा हलक्या वादांना फारसे महत्त्व नसते असे मानण्याची पद्धत आहे. भारतीय तर्कपरंपरेतल्या न्यायशास्त्राने मात्र त्यांची प्रतवारी गांभीर्याने केली. सत्य कळावे म्हणून करतात तो वाद, जिंकण्यासाठी करतात तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची नुसती मोडतोड करतात ती वितंडा. मराठीने वितंडवाद जपला आणि जल्प कोशात ठेवून दिला, हे जरा विचित्रच झाले. रोज कानावर पडतो तो बहुतेक जल्पच असतो.

डच इतिहासकार योहान हाउझिंगा यांनी 1938 साली ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात वादांच्या याच विषयाला वेगळ्या बाजूने हात घातला. न्यायदान, युद्ध, काव्य, तत्त्वचर्चा या सगळ्यांच्या मुळाशी त्यांना खेळ दिसला: आखलेली जागा, ठरलेली वेळ, सर्वांनी मानलेले नियम. त्यांच्या मांडणीतला सर्वांत उपयोगी भाग दोन प्रकारच्या खेळाडूंविषयी आहे. एक रडीचा डाव खेळणारा. तो लबाडी करतो, पण नियम मानल्याचे सोंग तरी घेतो, म्हणून खेळणारे त्याला एक वेळ सांभाळून घेतात. दुसरा डाव मोडणारा. त्याने रेघच पुसलेली असते, म्हणून त्याला माफी नसते. गल्लीतल्या कोणत्याही पोराला हा फरक ग्रंथ न वाचता ठाऊक असतो. प्रश्न एवढाच उरतो की रेघ आखली कुणी, आणि ती आखताना कोण हजर होते.

गेमच्या बाबतीत हा प्रश्न नेदरलँड्समध्ये शब्दशः न्यायालयात गेला. फुटबॉलच्या ‘फिफा’ या व्हिडिओ गेममध्ये खेळाडूंची बंद पाकिटे विकत मिळत. आत कोण निघेल ते पाकीट उघडल्यावरच कळे. 2018 मध्ये तिथल्या जुगार नियामक संस्थेने अशा पाकिटांची तपासणी केली. आतला ऐवज खेळाबाहेर विकता येत असेल तर तो परवान्याविना चालवलेला जुगार ठरतो, अशी तिची भूमिका होती. ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’ कंपनीला एकूण 1 कोटी युरोंचा दंड झाला. मार्च 2022 मध्ये देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने तो रद्द केला. पाकीट उघडणे हा स्वतंत्र खेळ नाही, तो कौशल्याच्या मोठ्या खेळाचा एक भाग आहे, म्हणून जुगाराचा कायदा त्याला लागत नाही, असा निर्णय झाला. शेजारच्या बेल्जियममध्ये मात्र नियामकाच्या दबावामुळे कंपनीला पाकिटांसाठी पैसे घेणे आधीच थांबवावे लागले होते. एकच गेम, दोन शेजारी देश, आणि जुगाराची रेघ दोन ठिकाणी. जिंकलेल्या गोट्या घरी न्यायच्या की खेळ संपल्यावर परत द्यायच्या, हे भांडण त्याच जातीचे आहे. फक्त तिथे वकील नसत.

सणाच्या बाबतीत रेघ अधिक जुनी आणि अधिक दुखरी निघाली. नोव्हेंबरच्या मध्याला सिंटरक्लास हा संत स्पेनहून आगबोटीने येतो आणि 5 डिसेंबरच्या संध्याकाळी मुलांना भेटी मिळतात. यान स्खेंकमान या शिक्षकाच्या 1850 सालच्या बालपुस्तकात संताबरोबर एक काळा नोकर आला, आणि पुढे त्याचा ‘काळा पिट’ झाला. गोरी माणसे चेहरा काळा करत, ओठ लाल रंगवत, कुरळा टोप घालत. मराठीत तोंडाला काळे फासणे ही शिक्षा आहे. इथे ती गंमत होती, कारण काळे होणारा संध्याकाळी तोंड धुऊन पुन्हा गोरा होत असे. ज्यांचा रंग धुऊन जात नाही, त्यांना या गमतीबद्दल काय वाटते हे वर्तुळात फारसे विचारले गेले नव्हते. डच वसाहतींतली गुलामगिरी 1863 मध्ये रद्द झाली, म्हणजे स्खेंकमानचे पुस्तक आले तेव्हा ती सुरूच होती.

2011 मध्ये डॉर्ड्रेख्ट शहरातल्या मिरवणुकीत कुरासावला जन्मलेले कलावंत क्विन्सी गारिओ निषेधाचा मजकूर छापलेला टीशर्ट घालून उभे राहिले आणि त्यांना अटक झाली. पुढची काही वर्षे त्यांच्यासारख्यांवर एकच आरोप होत राहिला, तो डाव मोडल्याचा: मुलांचा सण नासवता, हसऱ्या खेळात राजकारण आणता. नोव्हेंबर 2017 मध्ये डोक्कुमच्या मिरवणुकीत निषेध करायला निघालेल्या बसगाड्या फ्रीसलंडमध्ये महामार्गावर अडवल्या गेल्या. अडवणाऱ्या 34 जणांना पुढच्या वर्षी न्यायालयाने दोषी ठरवले. खेळ वाचवायला निघालेल्यांनीच रस्त्यावरचे नियम मोडले होते. 2020 च्या जूनमध्ये पंतप्रधान मार्क रुटे यांनी या विषयावर आपले मत बदलल्याचे संसदेत सांगितले. बहुतेक शहरांत आज पिटच्या गालावर धुराड्यातल्या काजळीचे चार फराटे असतात. मुलांना भेटी मिळतात त्या मिळतातच.

ऊर्जेचा वाद या देशात सर्वांत जुना आहे, कारण इथली जमीनच ऊर्जा खर्चून कोरडी ठेवावी लागते. देशाचा सुमारे चतुर्थांश भाग समुद्रसपाटीखाली आहे. पाणी उपसणारी आणि बांध राखणारी जलमंडळे राष्ट्रापेक्षाही जुनी. राइनलँडचे मंडळ आपला आरंभ 1255 पासून मोजते. बांधाचा आपल्या वाट्याचा तुकडा ज्याला राखता येत नसे, तो त्यात आपले फावडे रोवून निघून जाई. ते फावडे उपटणाऱ्याला त्याची जमीन मिळे आणि जबाबदारीही. उठून जाण्याची किंमत इतकी स्पष्ट असेल तर माणसे बसून बोलतात. ‘पोल्डरन’ म्हणजे सर्वांचे जमेपर्यंत चर्चा करत राहणे. हे क्रियापद बांधाआडच्या या उपसलेल्या जमिनीच्या, पोल्डरच्या, नावावरूनच झाले आहे.

बोलण्याला वेळ मात्र लागतो. हार्लेमचे सरोवर उपसण्याची योजना यान लेगवाटर यांनी 1641 मध्ये मांडली, 160 पवनचक्क्या लावून. दोनशे वर्षे ती कागदावर राहिली. 1836 च्या दोन वादळांत सरोवराचे पाणी ॲमस्टरडॅम आणि लायडनच्या वेशीपर्यंत पोहोचल्यावर निर्णय झाला. मग वाफ की वारा यावर खल झाला आणि वाफ जिंकली. तीन उपसाकेंद्रांनी 1852 पर्यंत तळ उघडा पाडला. त्यांपैकी क्रुकियसचे प्रचंड कॉर्निश इंजिन आज संग्रहालयात आहे आणि स्खिपोल विमानतळ सरोवराच्या तळावर. हरलेल्या पवनचक्क्यांचे पुढे दैवत झाले. किंडरडाइकच्या 19 चक्क्या 1997 पासून जागतिक वारसा आहेत, आणि जुन्या चक्कीचा वारा अडू नये म्हणून भोवतालच्या इमारतींच्या आणि झाडांच्या उंचीवर निर्बंध असतात. वीज करणारी नवी पवनचक्की मात्र निसर्गदृश्याचा नाश मानली जाते. ग्रोनिंगन आणि द्रेंटे प्रांतांच्या सीमेवर अशा चक्क्यांना जागा देणाऱ्या शेतकऱ्यांना 2018-19 च्या सुमारास धमक्या आल्या, आवारांत ॲस्बेस्टस टाकला गेला. किंडरडाइकच्या चक्क्या नव्या होत्या तेव्हा त्यांच्यावर कुणी कविता केल्या नसणार.

अणुऊर्जेवर तर सरकारनेच साऱ्या देशाला वर्तुळात बसवले. 1981 मध्ये ‘व्यापक सामाजिक चर्चा’ या सरळ नावाने अधिकृत चर्चा सुरू झाली. गावोगावी बैठका झाल्या, माहितीपत्रके वाटली गेली, मते नोंदवली गेली. 1984 च्या आरंभी अंतिम अहवाल आला: बहुसंख्य लोकांना नव्या अणुभट्ट्या नको आहेत. पुढच्याच वर्षी रूड लुबर्स यांच्या मंत्रिमंडळाने निदान दोन नव्या भट्ट्या बांधायचे ठरवले. हाउझिंगांच्या वर्गवारीत हे उदाहरण बसवायला अवघड जाते. खेळ मांडणाऱ्यानेच निकाल लागल्यावर पट उलटला, तर त्याला लबाड म्हणायचे की डाव मोडणारा? निर्णयाची अंमलबजावणी शेवटी वर्तुळाबाहेरून रोखली गेली. एप्रिल 1986 मध्ये चेर्नोबिल घडले आणि भट्ट्या बाजूला पडल्या.

नैसर्गिक वायूवर मात्र चर्चाच झाली नाही, कारण तो सर्वांना हवा होता. 1959 मध्ये ग्रोनिंगन प्रांतात स्लोख्टरेनजवळ एका शेतात तो सापडला. युरोपातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी तो एक. 1960 च्या दशकात अवघ्या काही वर्षांत देशभर नळ पोहोचले. कोळशाची गरज ओसरली, आणि डिसेंबर 1965 मध्ये मंत्री योप डेन आउल यांनी हेर्लेनच्या नाट्यगृहात लिम्बुर्गच्या खाणी बंद करण्याची घोषणा केली. वायूने सरकारी तिजोरीत 360 अब्ज युरोंहून अधिक भर घातली. जमिनीखालचे खनिज राज्याचे असल्याने वर राहणाऱ्याच्या वाट्याला शेगडी आली, आणि पुढे हादरे आले.

त्या हादऱ्यांचा वायूशी संबंध आहे असे भूगोलाचे अभ्यासक मेंट फान डर स्लाउस 1980 च्या दशकात सांगत होते. त्यांची टर उडवली गेली. 1993 मध्ये तज्ज्ञांच्या अहवालाने तो संबंध मान्य केला, तरी उपसा चालूच राहिला. 16 ऑगस्ट 2012 च्या रात्री 3.6 तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्राजवळच्या खेड्याचे नाव हाउझिंगे. खेळाचे तत्त्वज्ञान लिहिणारे हाउझिंगा याच ग्रोनिंगन प्रांतातले, हे नावाचे साम्य पाहून थबकायला होते. भूकंपानंतरच्या वर्षी उपसा कमी होण्याऐवजी वाढला, सुमारे 54 अब्ज घनमीटरपर्यंत. भेगा पडलेल्या विटांच्या घरांना लाकडी टेकू लागले. त्यांचे मालक वर्षानुवर्षे अर्ज भरत राहिले. 2023 च्या संसदीय चौकशीने निष्कर्ष काढला की ग्रोनिंगनच्या लोकांच्या हिताकडे सातत्याने दुर्लक्ष झाले. पोल्डरनची कीर्ती सांगणाऱ्या देशात ज्यांच्या पायाखालून वायू काढला जात होता, त्यांनाच खुर्ची नव्हती. वर्तुळ पूर्ण दिसत होते, कारण खुर्ची रिकामी नव्हती, मांडलेलीच नव्हती. 1 ऑक्टोबर 2023 ला उपसा थांबला, आणि पुढच्या वर्षीच्या कायद्याने साठा कायमचा बंद झाला.

नव्या घरांना 2018 च्या जुलैपासून सहसा गॅसची जोडणीच मिळत नाही. आइंडहोव्हन किंवा ॲमस्टेलफेनच्या नव्या वस्तीत राहायला गेलेल्या मराठी कुटुंबाला ऊर्जेचे हे स्थित्यंतर प्रथम स्वयंपाकघरात भेटते. इंडक्शनच्या काचेवर भाकरी तव्यावर भाजता येते, पण शेवटी ती फुलवायला आच नसते. भरताचे वांगे ओव्हनमध्ये मऊ होते, पण त्याला धुराचा वास येत नाही. छतावर सौरपट्ट्या असतात आणि दुपारी जादा वीज तयार होते. ती ग्रिडला देऊन बिलात वजा करून घेण्याची सवलत 1 जानेवारी 2027 ला संपायची आहे, आणि वाहिन्या इतक्या भरल्या आहेत की नवी मोठी जोडणी मागणाऱ्यांना रांगेत थांबावे लागते. वाढदिवसाच्या वर्तुळात सध्या सर्वांत तावातावाने निघणारा विषय हाच असेल. ॲमस्टरडॅमच्या ‘गेरिला’ स्टुडिओने 2017 मध्ये आणलेल्या ‘होरायझन झिरो डॉन’ या गेममध्ये जगाचा अंत अशा यंत्रांनी होतो जी इंधन म्हणून सजीव सृष्टीच गिळतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला ऊर्जेच्या चर्चेतला तो मुद्दा बहुधा मोठ्यांआधी कळतो.

अणुऊर्जा मात्र परत आली आहे. डिसेंबर 2022 मध्ये सरकारने दोन नव्या भट्ट्यांसाठी झीलंडमधल्या बोर्सेलेला पसंती दिली; तिथली जुनी भट्टी 1973 पासून चालू आहे. या वेळी नगरपालिकेने सुमारे शंभर रहिवाशांना एकत्र बसवले. हवे की नको हे विचारले नाही. येणारच असेल तर कोणत्या अटींवर, हे विचारले. कोकणात जैतापूरजवळ माडबनच्या सड्यावर 9,900 मेगावॉटचा अणुप्रकल्प ठरला तेव्हा असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. एप्रिल 2011 मध्ये साखरी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मच्छीमार मरण पावला, आणि प्रकल्प अजून कागदावरच आहे. बोर्सेलेच्या शंभर जणांनी 39 अटी लिहिल्या आणि 2023 मध्ये त्यांची यादी हेगला सरकारकडे पोहोचली. जुन्या भट्टीला 2033 पर्यंत चालण्याची मुभा आहे, ती वाढवण्याची तयारी सुरू आहे, आणि 39 पैकी कोणत्या अटी पाळल्या जातात याची नोंद गावकरी ठेवत आहेत.