दोन ओळी भेंडी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त भेंडीचं!

यंदा मार्चमध्ये औशाकडे पुतण्याच्या घरी दोन दिवस राहून आलो. नांदेडहून लातूर, तिथून पुढे औसा... या वयात प्रवास नको वाटतो, पण त्याची द्राक्षबाग बघायची होती. माल युरोपात जातो त्याचा.

त्यानं कपाटातून प्रयोगशाळेचा रिपोर्ट काढून दाखवला. औषधांच्या नावांची ही भलीमोठी यादी आणि पुढे सापडलेला अंश. आपण बी.ए. मराठीवाले, नावं वाचतानाच जीभ अडखळली. युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोमागे फक्त 0.01 मिलिग्रॅमची मुभा. मास्तरकीची खोड, लगेच गणित मांडलं. 100 टनांत 1 ग्रॅम! म्हणजे दहा-दहा टनांचे 10 ट्रक द्राक्षं आणि त्यात पाव चमचा साखर. एवढंसं हुडकून काढणारं यंत्र माणसानं केलं, याचं रात्री अंथरुणावर पडल्यावरसुद्धा नवल वाटत होतं.

हे पहिल्यापासून नव्हतं बरं का. 2003 साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत मेथोमिल जास्त निघालं, तेव्हा सगळे जागे झाले. मग अपेडा आणि पुण्याजवळ मांजरीला असलेलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांनी मिळून बागवार तपासणी बसवली. प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत येऊन नमुना नेतो, रिपोर्ट चांगला आल्याशिवाय माल हलत नाही. तरी 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईडपायी माल पुन्हा अडकलाच. कारण काय, तर ते तपासायच्या यादीतच नव्हतं!

"आणि भाजीचं कोण तपासतं रे?" मी विचारलं.

"काका, भेंडीचा रिपोर्ट कोण मागतंय?"

तसं अगदीच कोणी तपासत नाही असं नाही. केंद्र सरकारच्या योजनेत 2005-06 पासून बाजारातल्या भाज्यांचे नमुने घेतात. पण आज गाड्यावरून घेतलेली भेंडी खावी की नको, हे त्यातून कसं कळणार? स्वतः तपासून घ्यावी म्हटलं तर एका नमुन्याला काही हजार रुपये, आणि रिपोर्ट येईपर्यंत भाजी खाऊन झालेली.

मग त्यानं जे सांगितलं ते माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. औषधाच्या डब्यावर लिहिलेलं असतं, फवारल्यावर इतके दिवस तोडणी करू नका. द्राक्षं एकदाच उतरवायची, त्यामुळे तेवढं थांबता येतं. "पण भेंडी थांबती का, काका? एक दिवसाआड तोडावी लागती, नाहीतर जून होती. आणि न फवारावं तर अळी. छिद्र असलेली भेंडी तुम्ही तरी घेता का?"

मी गप्प बसलो.

निघताना त्यानं पिशवी भरून भेंडी दिली. घरच्यापुरत्या दोन ओळी बांधाला लावल्यात, त्यांना तो औषध मारत नाही.

नांदेडला आलो. दुसऱ्या दिवशी व्याही जेवायला येणार होते. सौ.नं पिशवी ओतली, तर निम्म्या भेंड्यांना छिद्रं, एकीतून अळी बाहेर आलेली. "पाहुण्यांसमोर ही वाढू?" ती म्हणाली. मला एवढं सगळं माहीत होतं, दोन दिवस ऐकून आलो होतो. तरी मुकाट्यानं चपला घातल्या आणि बाजारातून किलोभर कोवळी, हिरवीगार, एकही डाग नसलेली भेंडी घेऊन आलो. सौ.नं ती मिठाच्या पाण्यात घालून ठेवली. वरवरचं असेल ते धुवून जाईल थोडंफार, पण आंतरप्रवाही औषध झाडाच्या आत भिनलेलं, ते कसलं जातंय!

पुतण्याची भेंडी आम्ही दोघांनी नंतर तीन दिवस निवडून निवडून खाल्ली. परवा त्याचा फोन आला होता, "काका, भेंडी कशी होती?" म्हटलं, छान होती. व्याह्यांचं काही बोललो नाही.